मदत हवी आहे: फोर्कचं तेल आणि स्प्रिंग घरीच बदलायला घेतलीय, अर्ध्यात अडकलोय

कंबरतलाव

नमस्कार मंडळी. सायकल विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड माउंटन बाइक घेतली. २६ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे एवढा दबू शकणारा) फोर्क, चाक धरणारा दोन पायांचा शॉकअप. हवेचा नाही, स्प्रिंगचा. स्टिकर कधीच उडालेत, त्यामुळे मॉडेल सांगता येत नाही. वर्निअर लावून पाहिलं तर वरच्या नळ्या ३२ मिलिमीटरच्या आहेत. डाव्या पायाच्या डोक्यावर प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची) चकती, उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडचा (वर उसळायचा वेग ठरवणारा) लाल खुंटा.

तक्रार अशी की पुढचा ब्रेक दाबला की सायकल नाक खुपसते. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या कडेने मुरमाड रस्ता आहे, तिथे उतारावर तर पुढे कोलांटी खातो की काय असं वाटतं. खड्ड्यातून बाहेर पडताना फोर्क फटकन उसळतो आणि आतून पचक-पचक आवाज येतो. माझं वजन ८८ किलो. नळीला केबल टाय बांधून सॅग मोजला, म्हणजे नुसतं बसल्यावर फोर्क किती दबतो ते; ३४ मिलिमीटर भरला. प्रीलोड पूर्ण आवळून ठेवलाय, काडीचा फरक नाही.

दुकानात विचारलं तर "हा काढून टाका, नवीन बसवा." किंमत ऐकली आणि घरी आलो. मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, "तेल बदलून काय होतंय बे, तूच कमी हो की."

मग रविवारी उघडलाच. वडील आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते, त्यांना हात शिवशिवायला निमित्तच लागतं. वरचं झाकण २४ च्या सॉकेटचं, पण षटकोन इतका उथळ की सॉकेट दोनदा घसरलं आणि कोपरे गोल व्हायला लागले. वडिलांनी सॉकेट हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं. त्याच्या तोंडाला आतून जो उतार असतो ना, तो त्यांनी ग्राइंडरवर घासून सपाट करून आणला. तिसऱ्या वेळी झाकण पहिल्या झटक्यात सुटलं. खालचे दोन बोल्ट ५ च्या ॲलन कीने तीन-चार आटे सैल केले, वरून लाकडी हातोडीने ठोकले, मग खालचे पाय ओढून काढले. आईची परात खाली होती (आता ती माझीच झाली आहे).

उजव्या नळीतून तेल निघालं ते ढवळलेल्या ताकासारखं, राखाडी-पांढरं. खालच्या पायांमधून जेमतेम चमचाभर काळा चिखल. सीलखालच्या स्पंजच्या रिंगा कोरड्याठाक.

आता अडलोय ते इथे. मोटरसायकलच्या स्पेअरवाल्याकडे २० नंबरचं फोर्क ऑइल मिळतंय. ते जाड आहे, मग ते घातलं तर नाक खुपसणं थांबेल ना? किती घालायचं? मी येडपटासारखं न मोजताच ओतून टाकलं. आणि वडील म्हणतात तशी कडक स्प्रिंग एमआयडीसीत वळवून घेतली तर चालेल का? जुनीची मापं: तार ४ मिमी, बाहेरचा व्यास २६ मिमी, लांबी २३० मिमी, एकूण वेढे २७.

घाटवाटा

दादा, आधी ते २० नंबर खाली ठेवा.

तुम्हाला उचलून धरते ती स्प्रिंग. तेल फक्त वेग ठरवतं: किती जोरात खाली जायचं, किती जोरात वर यायचं. जाड तेल घातलं तरी सॅग ३४ चा ३४ च राहणार, फक्त तिथे पोचायला वेळ लागेल. वर त्रास वेगळाच. लागोपाठ खड्डे आले की एकातून वर यायच्या आत दुसरा येतो, फोर्क हळूहळू खाली खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा होतो. मी हा उद्योग केलाय, मनगटं आठवडाभर दुखत होती.

प्रीलोडचंही तसंच. चकती आवळून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते.

अशा फोर्कच्या डॅम्परला, म्हणजे तेलाने वेग आवरणाऱ्या भागाला, बहुतेक ५ नंबरचं तेल लागतं. पण बाटलीवरच्या नंबरावर फार जाऊ नका, एका कंपनीचं ५ दुसरीच्या ७.५ एवढं जाड निघतं. मागे सेंटिस्टोकचा (तेलाच्या जाडपणाचा) आकडा दिलेला असतो तो जुळवा. तो आकडा ४० अंश तापमानाचा असतो, म्हणजे तुमच्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडलात तर अगदी नेमका.

पेडलकाका

ताकासारखं तेल म्हणजे आत पाणी गेलंय. एक प्रश्न, खरं सांग हं: पावसाळ्यात सायकल मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरने धुतोस का?

कंबरतलाव

काका, धुतो. काळ्या मातीतून आलो की चाकच फिरत नाही, चिखल फोर्कमध्ये दाबून बसतो. मग दुसरं काय करणार?

पेडलकाका

तेच ते. सीलचं काम धूळ बाहेर ठेवायचं आहे, समोरून मारलेला जेट थोपवायचं नाही. पाणी ओठाखालून आत घुसतं, तेलात मिसळून फेसाळतं, आणि फेसाळलेलं तेल डॅम्परच्या भोकांतून अडखळल्याशिवाय निघून जातं. तुझा फोर्क फटकन उसळतो तो त्यामुळे. पचक-पचकही तोच फेस. माती ओली असताना काडीने खरवड, वाळली की ब्रश, मग बादली आणि फडकं. बस.

किती तेल, याला अंदाज चालत नाही. जास्त झालं तर वरची हवा दाबायला जागा उरत नाही, फोर्क पूर्ण खाली जात नाही आणि सील फाटतं. क्राउनच्या (दोन्ही नळ्या वर जोडणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूला किंवा स्टीअररच्या (हँडलकडे जाणाऱ्या नळीच्या) तळाशी कोरलेला नंबर सापडतो का बघ. त्यावरून मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवर जुनं सर्व्हिस मॅन्युअल मिळून जाईल. त्यात नळीच्या तोंडापासून तेलाची पातळी किती मिलिमीटरवर हवी ते दिलेलं असतं.

खालच्या पायांतलं तेल वेगळं बरं का. ते फक्त वंगणासाठी. या जातीच्या फोर्कला बहुधा प्रत्येक पायात १५ मिली, १५ नंबरचं. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आण.

लोणारकर

एवढी भानगड कशाला? गाडीचं इंजिन ऑइल घाला, नाहीतर ब्रेक ऑइल. तेल ते तेल.

पेडलकाका

ब्रेक ऑइलने फोर्कमधली रबरं फुगून जातील. आणि इंजिन ऑइल या कामाला फार जाड. असले सल्ले देऊ नका हो, पोरगं करून बसेल.

तारेवरची

स्प्रिंगबद्दल मी बोलते, रोजचंच काम आहे.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ४ ची ४.५ केली की १.१२५ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १.६ पट. दिसायला अर्धा मिलिमीटर, पण ३४ चा सॅग २१ च्या आसपास येईल. १०० मिमी फोर्कला १५ ते २५ चांगला, म्हणजे तुम्ही मधोमध बसता. बाहेरचा व्यास २६ च ठेवलात तर वेढ्याचा मधला व्यास जरा कमी होतो, त्यामुळे किंचित आणखी कडक. ते चालेल.

पण एक गोष्ट तपासा, लोक हीच विसरतात. २७ वेढे गुणिले ४.५ म्हणजे १२१.५ मिमी. स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर एवढी लांबी उरतेच. २३० मधून ती वजा केली की १०८.५. फोर्कला १०० हवेत, म्हणजे प्रीलोडला जेमतेम ८ मिमी. चकती आवळताना त्याच्यापुढे गेलात तर वेढ्यावर वेढा बसेल आणि धातूवर धातू आपटेल. चकती मोकळीच ठेवा.

जुन्या स्प्रिंगचे दोन वेढे कापून कडक करतात तसं करू नका, ती आखूड होऊन आत खडखडते. वळवणाऱ्याला स्प्रिंग स्टीलचीच तार वापरायला सांगा, वळवल्यावर भट्टीत टाकून ताण काढायला सांगा आणि दोन्ही टोकं घासून सपाट करून घ्या. भट्टी चुकवली तर महिन्याभरात स्प्रिंग बसते, लांबी कमी होते. घेतल्या दिवशी लांबी लिहून ठेवा.

कंबरतलाव

ताई, वडिलांना वाचून दाखवलं. चौथा घात ऐकून म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही हाताने दाबून बघायचो."

कंबरतलाव

बऱ्याच दिवसांनी अपडेट. उशिराबद्दल माफी, घरात लग्न होतं.

क्राउनमागचा नंबर ब्रशने घासल्यावर दिसला, मॅन्युअल मिळालं. तेलाची पातळी स्टीलच्या पट्टीने मोजली. पहिल्यांदा जास्त झालं होतं, सिरिंजला सलाइनची नळी लावून ओढून काढलं. ५ नंबरचं तेल सोलापुरात मिळालं नाही, कुरिअरने मागवलं. स्पंजच्या रिंगा साबणाने धुऊन, वाळवून, रात्रभर तेलात भिजत ठेवल्या. डाव्या सीलचा ओठ चिरलेला निघाला, दोन्ही सील नवीन टाकली.

स्प्रिंग अक्कलकोट रोड एमआयडीसीत वळवून घेतली. पहिली टोकं तिरकी आली म्हणून वडिलांनी परत पाठवली, कारागिराशी तासभर वाद घातला, मग दोघं चहा पिऊन आले. दुसरी बरोबर. लांबी २३०, तीन आठवड्यांनंतर २२९.५.

सॅग २१ मिमी! ब्रेक दाबला की पुढे झुकते, खुपसत नाही. सुरुवातीला उसळी जास्त वाटली, रिबाउंड तीन टिचक्या हळू केला, मग शांत झाली.

एकच शंका राहिलीय. काल तुळजापूर रस्त्याच्या कडेने कच्च्यात जाऊन आलो, केबल टाय ८८ मिमीवरच थांबला. १०० पर्यंत जात नाही म्हणजे तेल अजून जास्त आहे का?

घाटवाटा

शेवटी अचानक भिंत लागल्यासारखं होतं, की हळूहळू कडक होत थांबतो?

कंबरतलाव

हळूहळू.

घाटवाटा

मग हात लावू नका. शेवटचे १२ मिमी चुकून बसणाऱ्या फटक्यासाठी राहू द्या. खालच्या पायांतलं १५-१५ मिली मात्र ५० तास चालवल्यावर बदला, आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका, गॅरेजवाला जुन्या ऑइलच्या पिंपात घेतो.

पेडलकाका

आणि आईला नवीन परात आण.