पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस तुम्ही कसा काढलात?

जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने 1996 मध्ये ‘काउच टू फाइव्ह-के’ (सोफ्यावरून उठून थेट 5 किलोमीटर धावण्यापर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला, तो स्वतःच्या आईला धावायची गोडी लागावी म्हणून. पहिल्या आठवड्यात 60 सेकंद धावा, 90 सेकंद चाला. आईची काळजी दिसते. पाचव्या आठवड्यात मात्र माय-लेकांचं काहीतरी बिनसलं असावं. पहिल्या दिवशी 5 मिनिटं तीनदा, दुसऱ्या दिवशी 8 मिनिटं दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी एकदम 20 मिनिटं, न थांबता! पुण्यात सणस मैदानावर मी तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेराव्या मिनिटाला बसकण मारली. हा दिवस पार केलेल्यांनी लिहा. ‘जिद्द ठेवा’ एवढं सोडून काहीही चालेल.

औंध, वय 41
माझंही घोडं तिथेच अडलं होतं. विद्यापीठाच्या आवारात धावायचो. एके सकाळी मी झाडाला टेकून धापा टाकतोय आणि साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक आजी शेजारून चालत गेल्या. थांबून म्हणाल्या, “काय रे, कुठली बस पकडायचीये?” राग आला, पण घरी येऊन आकडे बघितले तर किलोमीटरला 6 मिनिटं. नवशिक्याने हे करायचं नसतं. एक-दोन मिनिटांच्या तुकड्यांत हा वेग खपून जातो, कारण लगेच चालायला मिळतं. वीस मिनिटांत तो उघडा पडतो. मग साडेआठ मिनिटांवर आलो. वेग बरोबर आहे का हे बघायला एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचो. दोन ओळी एका दमात निघाल्या तर ठीक, नाहीतर अजून हळू. लोक वळून बघतात, बघू देत. दुसऱ्या प्रयत्नात वीस मिनिटं झाली. आजी मात्र अजूनही पुढे जातात.

सिंहगड रस्ता, वय 38
हळू धावूनही जमत नसेल तर एकदा रक्त तपासून घ्या, विशेषतः बायकांनी. मी चौथा आठवडा तीनदा केला. मुलांचे डबे करून पावणेसातला बाहेर पडायचं, आणि तिसऱ्या मिनिटाला छाती धडधडायला लागायची. सासूबाई म्हणायच्या, “झोप पुरत नाहीये तुला.” मलाही तेच वाटत होतं. हिमोग्लोबिन निघालं 9.2, बाईला किमान 12 हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्यांपेक्षा सकाळच्या चहाचं वेळापत्रक बदलणं जड गेलं, खरं सांगते. तोवर फक्त चालत होते. अडीच महिन्यांनी दुसऱ्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि पाचवा आठवडा कधी आला आणि गेला, कळलंही नाही. उगाच स्वतःला आळशी म्हणत होते इतके दिवस.

कर्वेनगर
घड्याळावर रुमाल बांधला. तेरावं मिनिट दिसलंच नाही.

बाणेर, वय 35
माझा अनुभव उलटा आहे, यश वगैरे नाही. दम भरपूर होता म्हणून सातव्या आठवड्यापर्यंत धडाधड गेलो, तेही सिमेंटच्या रस्त्यावर आणि कॉलेजच्या काळातल्या बुटांत. डाव्या नडगीत कळ यायला लागली. ‘होईल मोकळी’ म्हणत अजून चार दिवस रेटलं. शेवटी जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं की हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. दम पुरतोय म्हणजे पाय तयार आहेत असं नाही. आठवड्यात तीनच दिवस धावायला सांगतात ते यासाठीच, आणि मी पाच दिवस धावत होतो. तीन आठवडे सक्तीची विश्रांती झाली. आता तळजई टेकडीवर मातीच्या वाटेवर चौथ्या आठवड्यात आहे. मोर ओरडतात, मी चालतो.

सदाशिव पेठ, वय 56
एक शंका. वीस मिनिटं त्याच आठवड्यात व्हायला हवीत असं कुणी सांगितलंय? मी 8 आणि 8 वर महिनाभर राहिलो. मग 10 आणि 10, मग मधलं चालणं दर वेळी एकेक मिनिटाने कमी केलं. नऊ आठवड्यांचे सतरा झाले. कुणी दंड मागायला आलं नाही.

सणस मैदानवाला पुन्हा
आज झाली! वीस मिनिटांत 400 मीटरच्या पावणेसहा फेऱ्या, म्हणजे 2.3 किलोमीटर. हसू नका. पाढ्याची युक्ती वापरली, पण एकोणतीस सक्केला अडलो आणि त्या हिशेबात तेरावं मिनिट निघून गेलं. शेवटची दोन मिनिटं कूस टोचत होती, तेव्हा जोरात श्वास सोडत राहिलो. घरी येऊन सहावा आठवडा उघडला तर पहिल्याच दिवशी 5 मिनिटं, 8 मिनिटं, 5 मिनिटं, आणि मध्ये चालणं! मग त्या दिवशी एवढा जीव का काढला माझा? हिमोग्लोबिनचं वाचून बायकोची तपासणी उद्या सकाळी ठरवली आहे. चहाचं अजून तिला सांगितलेलं नाही.