भयाण की भयानक?

गोदाकाठ: भयपटांतल्या जागांवरचा एक लेख अनुवादतोय. मी लिहिलं 'भयाण वाडा'. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी 'भयानक वाडा' केलं. म्हणे भयाण हे बोलीतलं रूप. बरोबर आहे का हो?

माजघर: छे! भूत भयानक असतं, 'भयाण भूत' म्हणताना कुणाला ऐकलंय? शांतता भयाण, रात्र भयाण, माळ भयाण. भूत यायच्या आधी जे असतं ते.

बोरूबहाद्दर: शब्द एकच आहे. प्राकृतात न चा ण झाला, शेवटचा क गळला. लेखी मराठीत मूळ रूपच हवं.

माजघर: मग उद्यापासून 'हात' सोडा, 'हस्त' लिहा.

निमाणीचा_स्टॉप: माझ्या मते भय + रान = भयाण. रानात भीती वाटतेच की.

बोरूबहाद्दर: आणि र कुठे गेला? रानात हरवला?

गोदाकाठ: अडचण पुढेच आहे. 'द शायनिंग' (१९८०) मधलं हॉटेल लख्ख उजेडात आहे, काही पडलेलं-झडलेलं नाही. पोरगं तीनचाकी घेऊन बोळांतून फिरतं. चाकं फरशीवर आली की खडखड, गालिच्यावर गेली की एकदम चिडीचूप. त्या चिडीचूपलाच आपण टरकतो. याला भकास म्हणवत नाही, ओसाडही नाही.

ओसरी: 'घर खायला उठतं' चालेल? आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. आजोबा गेल्यावर आजी हेच म्हणायची. आम्ही पोरं ते शब्दशः घ्यायचो. दिवेलागणीला वरून हाक आली की दादर चढायचा, तर खालच्या चार पायऱ्या दिसायच्या, वरच्या अंधारात. पाचवीवर पाय ठेवला की लाकूड करकरायचं. आम्हाला वाटायचं, गिळतंय.

माजघर: पण आजीला भीती नव्हती वाटत, एकटं वाटत होतं. खायला उठतं म्हणजे करमत नाही. भयपटात कसं चालेल?

ओसरी: ताई, तुम्ही त्या पाचव्या पायरीवर उभ्या नव्हतात.

निमाणीचा_स्टॉप: एक मिनिट, दादर चढायचा? आमच्याकडे दादर खातात. रब्बीची ज्वारी.

ओसरी: ती खानदेशातली. आमचा दादर म्हणजे लाकडी जिना.

बोरूबहाद्दर: सरळ 'जिना' म्हणा ना.

माजघर: घ्या! भयाणला प्राकृत म्हणून हाकलणारे आता फारसीची वकिली करतायत.

बोरूबहाद्दर: जिना रुळलाय.

माजघर: आणि भयाण काय काल आलं?

गोदाकाठ: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. वाडा भयाण ठेवू का?

निमाणीचा_स्टॉप: ठेवा. पण दादरच्या भाकरीला तोड नाही हो, कळणा घालून तर विचारूच नका.

ओसरी: कळण्याला उडीद लागतो, दादर नव्हे.

निमाणीचा_स्टॉप: आमच्याकडे दोन्ही घालतात.