अनुभव धागा: ड्यूक ३९० की स्पीड ४००? सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर काय ते सांगा

घाटरस्ता
आज साताऱ्यात बॉम्बे रेस्टॉरंट चौकात केटीएमची केशरी ड्यूक ३९० आणि तिला खेटून ट्रायम्फची स्पीड ४०० उभी होती. दोन्हींच्या मधून दुधाच्या किटल्या लावलेली आरएक्स १०० फटफटत निघून गेली. 'यामाहाची आरएक्स की सुझुकीची शोगन' यावर कट्ट्यावर रात्री जागायचे ते दिवस आठवले, म्हणून धागा काढला. वाद तोच, सीसी चौपट.

आकडे एकदाच लिहितो, परत कुणी विचारू नका. दोन्हींच्या २०२३ साली आलेल्या मॉडेलचे आहेत, दोन्ही चाकणला बनतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोन्हींचा ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४ च्या आसपास. ड्यूक ताकद ४६ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ३९ एनएम, वजन १६८ किलो, टाकी १५ लिटर, सीट ८०० मिमी. स्पीड ४० पीएस, ३७.५ एनएम, १७६ किलो, १३ लिटर, ७९० मिमी. टॉर्कचं शिखर दोन्हींचं ६५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). ब्रोशर संपलं. आता आपल्या भागात काय फरक पडतो ते लिहा.

चेनलूब
सहा पीएसवर भांडणारे पुष्कळ भेटतील. यवतेश्वरच्या घाटात सहा पीएस वापरायला जागा कुठंय? तिथं पहिला-दुसरा गिअर आणि तीन ते पाच हजार आरपीएम. त्या पट्ट्यात स्पीड शांतपणे ओढते. ड्यूकची मजा साडेपाच हजाराच्या पुढं. कास बघायला जाणाऱ्यानं स्पीड घ्यावी आणि कासला वेळेत पोचायचंय त्यानं ड्यूक 😄

कृष्णाकाठ
सांगलीत घाट नाही, त्यामुळं आमचा निकाल ऊस लावतो. नोव्हेंबरपासून चार-पाच महिने सांगली-पेठ रस्त्याला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असला तर नशीब. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी गोल असते, चाकाखाली बेअरिंगसारखी फिरते. तिच्यावर ब्रेक मारायचा नाही, हँडल सरळ धरून जाऊ द्यायचं. शेतातनं निघालेल्या ट्रॉलीच्या टायरला काळी माती येते, सकाळच्या दवात तिचा साबण होतो. अशात ड्यूकला रेन मोड लावला की थ्रॉटल मऊ होतो, कॉर्नरिंग एबीएसपण आहे, म्हणजे वळणात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारं. स्पीडला ट्रॅक्शन कंट्रोल आहे (मागचं चाक जागेवर फिरू देत नाही), मोड नाहीत, म्हणजे मनगटच मोड. आणि सुपरमोटो एबीएस रस्त्यावर लावून फिरू नका. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद असतं.

वाईची_पोर
दोघांतली एक घ्यायची आणि मागं आई बसणार असेल तर विषय तिथंच संपतो. ड्यूकची मागची सीट म्हणजे पाट. उंच, अरुंद, धरायला खाचा. पसरणी घाट उतरताना मागचा माणूस सरकत सरकत पुढच्याच्या पाठीवर येतो. स्पीडची सीट एकसंध आणि रुंद. साडी गार्ड कुठल्याही गाडीचा काढू नका, 'लूक' गेला खड्ड्यात.

पेढेवाला_नाही
@वाईची_पोर ताई, आई म्हणती बुलेट घे 😅

वाईची_पोर
@पेढेवाला_नाही आईचं ऐका मग, धागा बंद.

सॅग_मोजा
दोन्ही गाड्यांबद्दल 'मागचं कडक आहे' हे कायम ऐकू येतं. आधी सॅग, म्हणजे बसल्यावर गाडी किती दबते ते, मोजा, मग शिव्या द्या. टेप आणि दोन माणसं लागतात.

मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) बरोबर वर टेल पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. दोघांनी मागून गाडी इतकी उचला की चाक जमिनीवरून सुटेल. एक्सल ते पट्टी अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट, जॅकेट घालून गाडीवर बसा, पाय फूटपेगवर, एकानं पुढून हँडल धरा. दोनदा दाबून सोडा आणि परत अंतर घ्या. वजाबाकी म्हणजे सॅग. ती एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जितकं हलू शकतं त्याच्या) ३० टक्क्यांच्या आसपास हवी. ड्यूकचा मागचा ट्रॅव्हल १५० मिमी, म्हणजे ४५ च्या जवळ. स्पीडचा १३०, म्हणजे ४० धरा. २५ च भरला तर प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) जास्त आहे, स्प्रिंगची कॉलर सैल करा. ६० भरला तर एक-एक पायरी वाढवत परत मोजा.

ड्यूकच्या फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) टोप्यांवर डॅम्पिंगचे स्क्रू: एकीकडं कम्प्रेशन (दबताना), दुसरीकडं रिबाउंड (परत उठताना), पाच-पाच क्लिक. आधी पूर्ण आत फिरवा, मग क्लिक मोजत बाहेर या आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एका वेळी एकच बदला. हायवेच्या कामामुळं जिथं सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं, तिथं कम्प्रेशन दोन क्लिक सैल केलं तरी मनगटाला लगेच कळतं. स्पीडच्या फोर्कला हे काहीच नाही, जे आहे ते आहे. माझ्या मते घाट आवडणाऱ्यानं ड्यूकला जादा पैसे द्यायचं खरं कारण हे आहे, ४६ पीएस नाही.

मिरज_जंक्शन
लईच डिटेल भावा, सेव्ह केलं.

पेठनाका
डॅम्पिंग अन् प्रीलोड एकच ना?

सॅग_मोजा
@पेठनाका नाही. प्रीलोडनं गाडी किती खाली बसते ते ठरतं. डॅम्पिंगनं ती किती वेगानं बसते आणि उठते ते. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर रिबाउंड कमी पडतंय, प्रीलोड घट्ट करून ते जाणार नाही.

हिशेबनीस
पैशाचं कुणी बोलेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढं ४० टक्के. ३९८-३९९ सीसीच्या या दोघी रेषेच्या पलीकडं पडतात. नवीन दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, त्यातही ३५० ची रेघ आहे. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या पुढं १५,११७, वर जीएसटी वेगळा. म्हणून कोटेशन घेताना एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, नोंदणी, अॅक्सेसरी असं पाच ओळींत मागा. 'हँडलिंग चार्ज' नावाची सहावी ओळ दिसली तर कशाचा ते विचारा.

विम्यात झिरो डेप (पार्टचा घसारा न कापता भरपाई) घ्याच. दोन्हींचा रेडिएटर उघडा, पुढच्या चाकाच्या मागं. ट्रकच्या टायरनं उडवलेला एक खडा पुरतो. जाळी लावा, पण फार बारीक छिद्रांची नको, चिखलानं बुजली की हवा थांबते.

एमएच५०
मग टीव्हीएसची ३१२ सीसीवाली आरटीआर ३१० का नको? ३५.६ पीएस आहे, १६९ किलो. जीएसटी, थर्ड पार्टी दोन्हीकडं वाचतंय. टाकी ११ लिटर, एवढंच.

घाटरस्ता
@एमएच५० धागा दोघींचा आहे रे. तिसरी आणलीस की भांडण लागतं, घरात काय अन् इथं काय.

चेनलूब
नाव चेनलूब, तर चेनवर लिहायलाच पाहिजे. दोन्हींना सीलवाली चेन आहे, कड्यांच्या मध्ये रबरी रिंगा, आत कारखान्यात भरलेलं ग्रीस. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या दोन गोष्टी रिंगा मारतात. रिंग गेली की आतलं ग्रीस जातं, चेन एका जागी ताठ, एका जागी सैल होते. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, कोरडं फडकं. लूब (वंगण) खालच्या पट्टीला आतल्या बाजूनं लावायचं, मागचं चाक हातानं फिरवत. गाडी चालू करून गिअर टाकून फडकं धरू नका, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बोट सोडत नाही. साधारण ५०० किमीला एकदा, भिजली तर त्याच संध्याकाळी. लूब रात्री लावा म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. लावून लगेच निघालात तर ते रिमवर आणि मागच्याच्या पँटवर.

ताण किती ठेवायचा ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर आणि पुस्तकात आहे, गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. चेनची सगळ्यांत घट्ट जागा शोधून तिथं मोजा. जास्त ताणली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो.

मिरज_जंक्शन
आमच्याकडं बोअरचं पाणी जड. कूलंट कमी झालं तर त्यात बोअरचं पाणी चालंल का

चेनलूब
@मिरज_जंक्शन अजिबात नको. आत क्षार धरतात, बारीक नळ्या बुजतात. तयार मिसळलेलं कूलंट ओता नाहीतर डिस्टिल्ड वॉटर. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. पातळी गार इंजिनावर, गाडी सरळ धरून बघा.

हळदबाजार
सर्व्हिसचा एक गैरसमज. स्पीडचा इंटरव्हल १६,००० किमी ऐकून लोक हरखतात. पुढची ओळ वाचा: १६,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते. वर्षाला सहा-सात हजार फिरणाऱ्याला वर्षाला एक सर्व्हिस येणारच. पहिली १,००० किमीला, ती चुकवू नका, नव्या इंजिनातला धातूचा कीस त्याच ऑइलबरोबर बाहेर जातो. पहिल्या हजारात हायवेला एकाच आरपीएमवर तासभर धरून बसू नका, वरखाली करत राहा.

नवशिक्या_सांगली
उंची ५ फूट ४. कुठली?

सॅग_मोजा
@नवशिक्या_सांगली १० मिमीचा फरक कागदावर. शोरूममध्ये घरचेच बूट घालून बसा. सीटची रुंदी मांडीला किती अडते ते बघा. एक पाय पूर्ण टेकतो ना, आणि बसल्या-बसल्या पायानं गाडी मागं ढकलता येते का? उतारावर तोंड करून लावलेली गाडी काढताना ते उपयोगी पडतं. टेस्ट राइड दोन्हींची एकाच दिवशी, मागं माणूस बसवून. दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगानं सोडून बघा, इंजिन झटके देतं का. एक हळू यू-टर्न घ्या. सिग्नलला पंखा सुरू होईपर्यंत थांबा आणि गरम हवा कुठल्या पायावर येते ते बघा. पाच मिनिटांची राइड देऊन परत बोलावत असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा.

एमएच५०
ड्यूकच्या क्विकशिफ्टरबद्दल (क्लच न धरता गिअर बदलायची सोय): गिअरच्या दांडीवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर मोडा. सेन्सरला दाब कळतो आणि तो इंजिनाची ओढ मध्येच कापतो, मग लोक 'गाडी मिस मारते' म्हणून सर्व्हिसला आणतात. खालच्या आरपीएमला, गावातल्या गर्दीत, सरळ क्लच धरून गिअर बदला.

पेठनाका
कुणी भडंग घेऊन साताऱ्याला येतंय का रविवारी? कासला जाऊ.

पेढेवाला_नाही
ये की, पण फुलांच्या हंगामात बुकिंग करून. आन भडंग कांदा-मिरची वेगळी बांधून आण, मागच्यासारखी मऊ नको.

हिशेबनीस
डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी पंधरा मिनिटं द्या. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पुढचा-मागचा दोन्ही बघा. चॅसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी अक्षर-अक्षर ताडून घ्या, एका आकड्याची चूक आरटीओत महिना खाते. फोर्कच्या चकचकीत दांड्यांवरून बोट फिरवा, तेलाची वळी नको. दोन्ही चाव्या मोजा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या, वायर कुठं ताणते का बघा.

नवशिक्या_सांगली
आणि जुनी ३७३ सीसीवाली ड्यूक घेतली तर?

चेनलूब
@नवशिक्या_सांगली पुढचं चाक उचलून हँडल एका बोटानं हळू फिरव. मधोमध खटकन अडकलं तर हेड बेअरिंगला (हँडल ज्यावर फिरतं त्याला) खाच पडलीय. रिम फिरवून कडेला पेन धर, खड्ड्यानं वाकलेली जागा लगेच दिसते. लेव्हरची टोकं, फूटपेगची टोकं, इंजिनाचं झाकण, कुठली बाजू घासलीय ते बघ. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) आधी, मग फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे), आणि मग पैसे. सकाळी गार इंजिन स्वतः चालू कर. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पी आणि गार व्हायची वाट बघ.

वाईची_पोर
चहा दोन लागतील. इंजिन लवकर गार होत नाही.