स्कॉलरशिप चार जणांना द्यायची की पैसा सगळ्या शाळेवर लावायचा?

जुनी_बॅच:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमच्या बॅचने शाळेसाठी पैसे जमवलेत आणि दरवर्षी जमवायचं ठरलंय, पण आता ग्रुपवर दोन तट पडलेत. काही जण म्हणतात चार-पाच गरजू मुलांना शाळा संपेपर्यंत स्कॉलरशिप द्या. बाकीचे म्हणतात चार पोरांचं भलं झालं तर उरलेल्या शाळेला काय मिळालं, त्यापेक्षा लॅब नाहीतर लायब्ररी करा. मी मनाने स्कॉलरशिपच्या बाजूने आहे पण शाळेला त्यातून नेमकं काय मिळतं असं कुणी विचारलं की मला धड सांगता येत नाही. कुणी जवळून बघितलं असेल तर लिहा प्लीज.

वर्गशिक्षिका:
माझ्याच वर्गात बघितलंय. एक मुलगी होती, हुशार, पण आठवड्यातले दोन दिवस तरी गैरहजर, कारण आई फीसाठी जादा काम धरायची आणि मग धाकट्या भावाला सांभाळायला हीच घरी. स्कॉलरशिप लागली, आईने ते जादाचं काम सोडलं आणि पोरगी रोज यायला लागली. आता शाळेचा फायदा सांगते. मुलं अधूनमधून बुडवतात तेव्हा मला मागचा धडा परत घ्यावा लागतो, तोवर अख्खा वर्ग ताटकळतो, नाहीतर मी पुढे जाते आणि ती मुलं कायमची मागे पडतात. मागच्या बाकावरच्या तीन मुली मला शंका विचारायला लाजायच्या, त्या हिच्याकडे जायला लागल्या. मधल्या सुट्टीत ही खडूचा तुकडा घेऊन फळ्यावर दोन त्रिकोण काढायची आणि "ही बाजू दोघांत कॉमन आहे ना, मग आता काय उरलं सांग" असं तीन-तीनदा विचारायची, चिडायची नाही. त्यातली एक भूमितीत कायम नापास व्हायची ती त्या वर्षी पास झाली. तिला स्कॉलरशिप नव्हती हो, तिच्या शेजारणीला होती.

आकडे_बघणारा:
बाईंनी लिहिलंय तसं मोठ्या प्रमाणावर तपासूनही झालंय. केनियाच्या पश्चिम भागात 2001 मध्ये सहावीच्या मुलींसाठी स्कॉलरशिप सुरू केली होती, परीक्षेत वरच्या 15 टक्क्यांत येणाऱ्या मुलींना पुढची दोन वर्षं. शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या, म्हणजे स्कॉलरशिप असलेल्या आणि नसलेल्या शाळांची नीट तुलना करता येते. अभ्यास मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांचा, क्रेमर यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तर झालं काय, मुलींचे मार्क वाढलेच, पण ज्यांचे आधीचे मार्क बघता नंबर लागायची आशाच नव्हती त्या मुलींचेही वाढले, आणि मुलं तर स्कॉलरशिपला पात्रच नव्हती तरी त्यांनाही थोडा फायदा झाला. शिक्षकांची हजेरीसुद्धा सुधारली!! वर्गात अभ्यासाचं वातावरण तयार झालं की ते फक्त जिंकणाऱ्यापुरतं राहत नाही.
पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बुसिया जिल्ह्यात हे ठळक दिसलं, शेजारच्या तेसोमध्ये तितकं नाही, तिथे पालकांचा या कार्यक्रमावर तेवढा भरवसा नव्हता आणि काही शाळा मधूनच बाहेर पडल्या. त्यामुळे पैसे देण्याआधी पालकांशी बसून बोला, निवड कशी होणार ते सगळ्यांसमोर सांगा.

नाव_नको:
मी स्कॉलरशिपवर शिकले, म्हणून एक दुखणं लिहिते. दरवर्षी भर असेंब्लीत "आपल्या शाळेतले गरीब विद्यार्थी" म्हणून आम्हाला पुढे उभं करायचे, पाकीट हातात देऊन फोटो. एका वर्षी माझ्या पुढचा मुलगा नाव पुकारलं तरी जागचा हललाच नाही. शिवाय पैसे यायचे सत्र संपताना, तोवर फी थकलेली, ऑफिसच्या खिडकीवरून रोज आठवण. मदत मिळाली हे मी कधी विसरणार नाही, पण फी सत्र सुरू व्हायच्या आत थेट शाळेकडे भरा, आणि वह्यापुस्तकं, युनिफॉर्म, येण्याजाण्याचा खर्च त्यात धरा, कारण नुसती फी माफ झाली तरी पोरं याच खर्चापायी घरी बसतात. कौतुक करायचं तर अभ्यासाचं करा, गरिबीचं नको.

जुनी_बॅच:
हे वाचून अंगावर काटा आला, आम्ही खरंच फोटोचा कार्यक्रम ठरवत होतो, तो आजच रद्द करायला सांगतो. अजून एक विचारायचं होतं, एखाद्याचे मार्क मधेच घसरले तर स्कॉलरशिप बंद करायची का? आणि मोठं झाल्यावर परत करायची अट घालावी का?

वर्गशिक्षिका:
लगेच बंद करू नका हो. मार्क घसरतात तेव्हा बहुतेक वेळा घरात काहीतरी घडलेलं असतं, कुणी आजारी, कुणाचं काम गेलेलं, म्हणजे आधाराची गरज त्याच वर्षी सगळ्यात जास्त. आधी मुलाशी बोला, एक वर्ष थांबा. परतफेडीची अट घातलीत तर ते कर्जच झालं ना. मेरी क्युरींना 1893 मध्ये 600 रूबलची स्कॉलरशिप मिळाली, त्यावर त्या पॅरिसला परत जाऊन गणिताची पदवी घेऊ शकल्या, आणि पुढे पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांवरच्या कामाचे पैसे मिळाले त्यातून त्यांनी ती रक्कम आपणहून परत केली. कुणी मागितली नव्हती. तुमच्या पोरांना फक्त दरवर्षी बॅचच्या भेटीला बोलवत जा, ओळख टिकू द्या.

जुनी_बॅच:
थँक्यू सगळ्यांना. लॅबवाल्यांनाही हा धागा पाठवलाय, केनियाचं वाचून त्यातल्या दोघांनी फोन केला की आधी पालकसभा घेऊ मग ठरवू. निवडीच्या कमिटीत बॅचमधलं कुणी नको, शिक्षक आणि पालक असावेत असं मी सुचवणार आहे. अर्जाचा कच्चा फॉर्म करतोय, एका पानाचा, झाला की इथे टाकतो, नाव_नको ताई तुम्ही जमलं तर एकदा नजर टाका, एखादा प्रश्न मुलांना टोचेल असा राहिला असेल तर सांगा.