मदत हवी आहे: मुक्काम दापोलीला करावा की गुहागरला?

केतकी१२
तीन रात्रींची सहल आहे. मुक्काम एकाच ठिकाणी हवा, रोज सामान बांधाबांध नको. नकाशात दापोली आणि गुहागर शेजारीशेजारी दिसतात, म्हणजे एकीकडे राहून दुसरं बघता येईल ना? बुकिंग आज-उद्या करायचंय, कृपया लवकर सांगा.

सुरूबन
कोणता महिना? कुठून येणार? गाडी स्वतःची की एसटी? सोबत कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाही. एक मात्र आधीच सांगते: शेजारीशेजारी दिसतात, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे.

खाडीपलीकडे
खाडीचा बाऊ नको. दाभोळ–धोपावे फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते. दापोली ते दाभोळ तीसेक किलोमीटर, धोपाव्याहून गुहागर पंधराएक. गुहागरला राहा आणि एक दिवस दापोली करा.

सुरूबन
कागदावर पंचेचाळीस किलोमीटर. पण रस्ता वळणांचा, त्यात फेरीची वाट बघणं आलं. सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि एक फेरी हुकली की पुढचीसाठी थांबावं लागतं. संध्याकाळी परतताना तर शेवटच्या फेरीची वेळ डोक्यात ठेवूनच फिरावं लागतं. ती चुकली तर दापोली–खेड–चिपळूण–गुहागर असा शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा, तोही रात्री. एका दिवसात जाऊन-येऊन दापोली 'करता' येत नाही. हर्णै, आंजर्ले, आसूद एवढंच धरलं तरी दिवस जातो.

केतकी१२
पुण्याहून, स्वतःची गाडी, डिसेंबरचा दुसरा आठवडा. आई-बाबा आणि सहा वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे दुखतात. समुद्र खोलीच्या अगदी जवळ हवा.

वरंधा
मग दापोली शहर बादच. दापोली गाव समुद्रावर नाही, वर डोंगरात आहे. समुद्र खाली मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै इथे, आणि यातलं काहीही गावातून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. बुकिंगच्या साइटवर 'दापोली' लिहिलेल्या पुष्कळ जागा गावातल्या असतात. फोन करून 'चालत किनारा किती मिनिटं' एवढंच विचारा. आणखी एक गोंधळ: दापोलीजवळचं मुरूड वेगळं, रायगडातलं मुरूड-जंजिरा वेगळं. पैसे भरण्याआधी तालुका बघा.

गुहागर याच्या उलट. बाजार, एसटी स्टँड, व्याडेश्वराचं देऊळ आणि किनारा, सगळं चालण्याच्या अंतरात आणि सपाटीवर. गुडघेदुखीला हे फार मोलाचं आहे.

भटक्या_ताम्हिणी
पण पुण्याहून गुहागर लांब पडतं. उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग गुहागर. पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर. दापोली ताम्हिणीने माणगाव, पुढे पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड अशी बरीच जवळ. लहान मूल आणि म्हातारी माणसं असताना कर्द्यालाच राहावं. किनारा सपाट आहे, मुलाला वाळूत खेळायला उत्तम.

खाडीपलीकडे
उंब्रजपर्यंत चौपदरी रस्ता आहे, तिथवर कुणाला त्रास होत नाही. ताम्हिणी पहिल्यापासून वळणांची. उलटीचा त्रास असलेल्यांना किलोमीटर मोजून उपयोग नाही.

नारळीपौर्णिमा
दोन्ही सोडा, गणपतीपुळ्याला जा. गुहागरहून तवसाळ–जयगड फेरीने सोपं पडतं.

सुरूबन
त्यांनी गणपतीपुळे विचारलेलं नाही. आणि एक फेरी टाळायचा विचार चालू असताना तुम्ही दुसरी सुचवताय.

कासवमित्र
कासवं बघायची असतील तर वेळास, आंजर्ले, गुहागर तिन्हीकडे ऑलिव्ह रिडलेची घरटी होतात. पण डिसेंबरात पिल्लं नसतात. माद्या रात्री अंडी घालून जातात, पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना लागतो. फेब्रुवारीनंतर या.

केतकी१२
कासवं नकोत. गुहागरहून तीन दिवस भरतील का? की एका दिवसात संपतं? आणि बाबांना शेवटच्या दिवशी चिपळूणहून रेल्वेने पुढे जायचंय, दुपारची गाडी आहे.

वरंधा
हे पहिल्या ओळीत हवं होतं, याने प्रश्नच सुटतो. कर्द्याहून निघालात तर आधी दापोलीचा चढ, मग खेड, मग चिपळूण. गुहागर–चिपळूण सरळ एक रस्ता, चव्वेचाळीस किलोमीटर. फक्त चिपळूण स्टेशन गावात नाही, मुंबईच्या बाजूला वालोप्याला आहे. बहादूरशेख नाक्याची गर्दी धरून दोन तास हातात ठेवा.

दिवस भरतील. एक दिवस दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवी. दुसरा अंजनवेलचं दीपगृह, टाळकेश्वराचं देऊळ, गोपाळगड. गडावर आईंना नेऊ नका, टाळकेश्वरापाशी बसता येतं. उरलेला वेळ किनाऱ्यावर.

खाडीपलीकडे
अंजनवेलच्या दिवशी धोपावे हाकेवर आहे. गाडी इकडेच ठेवून पायी फेरीत बसा आणि दाभोळ बंदर बघून परत या. मुलाला बोटीची मजा, गाडीची रांग नाही. दाभोळची चंडिकादेवी मात्र भुयारात आहे, अंधार आणि वाकून चालणं. आईंनी बाहेर थांबावं.

सुरूबन
हे पटलं. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघा. ओहोटीला ती नुसती खडकातली भेग असते. भरतीचं पाणी आत घुसलं की उंच उसळतं. वेळ काढायची तर तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. सप्तमीला २१ भागिले ४, म्हणजे सव्वापाचला भरती. त्या दिवशी सकाळी अकराला पोचाल तर ओहोटी मिळेल. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती आणि उधाणही मोठं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे जोर कमी. खडक शेवाळलेले असतात, मुलाचा हात सोडू नका आणि घळीच्या तोंडाशी उभं राहू नका.

भटक्या_ताम्हिणी
तरी आसूदचं केशवराजाचं देऊळ राहून जाईल, त्याचं वाईट वाटतं.

वरंधा
केशवराजला गाडी जात नाही. आधी बागेतून उतार, मग साकव, मग पायऱ्यांची चढण. या आईंसाठी ते नाहीच.

केतकी१२
ठरलं, गुहागर. किनाऱ्यालगतच्या घरगुती जागा दिसताहेत. जेवणाचं काय?

खाडीपलीकडे
घरगुती ठिकाणी जेवण सांगितल्याशिवाय होत नाही. रात्रीचं दुपारीच कळवा, माणसं मोजून, शाकाहारी किती तेही. पोचायच्या दिवशी चिपळूण सोडताना फोन करा. खोली तळमजल्यावरचीच मागा आणि संडास कमोडचा आहे का ते विचारून घ्या. जुन्या घरांत नसतो.