प्रतिसाद: फोटोवरून नवी प्रजाती?

वरच्या पोस्टमध्ये एका भुंगेऱ्याचा फोटो टाकून म्हटलंय की रंग आणि ठिपके पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाहीत, म्हणजे ही नवी प्रजाती; हे मला पटत नाही. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांत रंगावर भरवसा ठेवणं म्हणजे हात पोळून घेणं. एकाच प्रजातीत निळे आणि तांबूस दोन्ही नर सापडतात, आणि उलट अगदी सारखे दिसणारे दोन जीव वेगळ्या प्रजातींचे निघतात. खरा निवाडा बहुतेकदा नराच्या जननेंद्रियावर होतो. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, बारीक सुईने तो अवयव बाहेर काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने आणि वरून बघायचा. माझे पहिले तीन नमुने यात फुटले. (मिलिमीटरभराची वस्तू, त्यात हात थरथरणारा!) मादी असेल तर शुक्रकोश (नराचे शुक्राणू साठवणारी तिच्या पोटातली पिशवी) बघतात.

आणि इथे कोणी न काढलेला मुद्दा: खरी डोकेदुखी जुन्या नावांची. भारतातल्या या भुंगेऱ्यांवरचा ब्रिटिश काळातला पहिला खंड १९०८ साली आला, मार्टिन जेकबीचा. पेशाने हा गृहस्थ व्हायोलिनवादक! त्याची वर्णनं बरीचशी बाहेरच्या रूपावर बेतलेली. त्यामुळे आज 'नवीन' म्हणण्याआधी मूळ टाइप नमुना (ज्यावरून प्रजातीचं पहिलं वर्णन झालं तो) बघावा लागतो, आणि जेकबीचे नमुने लंडन, हार्वर्ड अशा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेत. बोलीतली नावंही फसवतात: आपल्या द्राक्षबागेतला उडद्या हा भुंगेराही याच पानं खाणाऱ्यांच्या कुळातला. इंग्रजीत त्याला पिसू-भुंगेरा म्हणतात, पण खऱ्या पिसू-भुंगेऱ्यांचा उपगट वेगळाच.