गुपचूप बघायच्या मालिकांचा माग कसा पुसायचा?

प्रश्न: नेटफ्लिक्सवर डेटिंगचे रिॲलिटी शो आवडीने बघते, पण मग घरच्या टीव्हीवर तसल्याच शिफारशी येतात. उपाय?

– वेगळं प्रोफाइल काढा आणि त्याला ४ आकडी पिन लावा. जुनं बघितलेलं ब्राउझरमधून लपवता येतं: अकाउंटमध्ये व्ह्यूइंग ॲक्टिव्हिटी (बघितलेल्याची यादी) उघडा, नावापुढचं तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ दाबा. पूर्ण मालिकाच लपवा, एकेक भाग निवडत बसू नका. सगळ्या उपकरणांवरून जायला २४ तास लागू शकतात.

– मुलांच्या प्रोफाइलवर मात्र हे लपवता येत नाही. तिथे असले शो चुकूनही लावू नका.

– ऑटोप्लेही (पुढचा भाग आपोआप सुरू होणं) बंद करा. भाग ऐन उत्कंठेवर तोडतात, म्हणूनच जागरण होतं. पुढच्या भागात ती गाठ सुटली की तिथेच, मध्येच थांबायचं.